तळातला एक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९.१०

फ्रिजची तब्येत कशी आहे? चार डिग्री. उत्तम. इन्व्हर्टर? घरघरतो, पण उभा आहे. तीन नंबरच्या पिंजऱ्यातली मांजर? रात्री दोन चमचे खाल्लं म्हणे. एक नंबरमधला पग? घोरतोय, म्हणजे बरा आहे. काउंटरवरच्या शर्मिलाचा घसा? बसलेलाच, पण टोमणे मारण्यापुरता उघडला आहे. डॉ. पूर्णिमाची ॲसिडिटी? विचारलं तर नुसती हसली, म्हणजे आहे. माझा डावा गुडघा? त्याला विचारत नाही. विचारलं की बोलत सुटतो.

दवाखाना उघडताना रोज अशी सगळ्यांची विचारपूस करायची हा माझा शिरस्ता. मग स्टोअरचं कुलूप काढायचं.

आज नवी वही सुरू केली. कारण तसंच आहे. लोणी काळभोरची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण मुक्ताई, वय अठ्ठ्याहत्तर, तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन २४ तारखेला ठरलंय. याआधी दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा मी पुढे ढकलायला लावलं. एकदा स्टॉकमुळे, आणि दुसऱ्यांदाही स्टॉकमुळेच. भाऊबीजेलाही जाता आलं नाही. फटाक्यांना भ्यालेली कुत्री रांगेत, आणि त्यांच्या गोळ्या कुठल्या खोक्यात आहेत ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. अक्का फोनवर म्हणाली, तू हात धराया असल्याबिगर मी त्या टेबलावर झोपायची न्हाई, आता बघ काय ते.

संकल्प: २० तारखेपर्यंत स्टॉक जुळवणे. २१ला किल्ली शर्मिलाकडे. २२ला लोणी. तिथे महिनाभर मुक्काम. भरली वांगी.

सतरा दिवस आहेत. सतरा दिवसांत लोक पूल बांधतात. पुण्यात नाही, पण कुठेतरी बांधत असतील.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ही वही मीच वाचणार, तरी पुढेमागे विसरलो तर असावं म्हणून लिहितो. मी बापूराव. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं बघून बघून. एका वसतिगृहाच्या मेसचं कोठीघर सव्वीस वर्षं सांभाळलं. तीनशे पोरं जेवायची, कधी ताट मोकळं गेलं नाही. पूर्णिमा आमच्याच सोसायटीतली, खालच्या मजल्यावरची. प्राण्यांची डॉक्टर झाली, वारज्यात दवाखाना टाकला. चार वर्षांपूर्वी तिचा कंपाउंडर सोडून गेला तेव्हा म्हणाली, काका, आठ दिवस स्टोअरची किल्ली सांभाळता का? ते आठ दिवस अजून चालू आहेत.

स्टोअर म्हणजे पूर्वीचं बाथरूम. सहा बाय सात. खिडकी नाही. पंख्याचं एक भोक आहे, त्यातून हायवेचे हॉर्न येतात आणि दुपारी चार वाजता रुपयाएवढं ऊन येतं. ते बघायला मी थांबतो.

आज सुट्टीचं बोललो. पूर्णिमा लगेच म्हणाली, काका, जा ना, खरंच जा, महिना काय दोन महिने जा, आम्ही बघू इकडचं. चेहऱ्यावर हसू. पोरीच्या मनाचा मोठेपणा बघा. आतून हादरली असणार. मी म्हटलं, स्टॉक जुळल्याशिवाय मी पाय बाहेर टाकणार नाही. ती म्हणाली, तशी काही अट नाहीये काका. मी म्हटलं, अट नसते तिथेच तर जबाबदारी असते.

यावर तिने पुढचा पेशंट आत बोलावला. पटलं असावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सप्टेंबरपासून दवाखान्यात ॲप आलंय. शर्मिला खोक्यावर मोबाइल धरते, टुंग वाजतं, आकडा चढतो. मी वहीत लिहितो. माझी टुंग वाजत नाही, एवढाच फरक.

मांडणी माझी स्वतःची आहे. पोटाचं, कातडीचं, कानाचं, तापाचं, आणि शेवटचं फडताळ 'किरकोळ पण जीवघेणं'. शर्मिला म्हणते, ए-बी-सी-डीने लावा. म्हटलं, कुत्रं काय ए-बी-सी-डीने आजारी पडतं?

माझ्या स्टोअरचा मुख्य नियम मात्र आईचा आहे. डबा कधी तळापर्यंत खरवडायचा नाही. तांदूळ असो, मीठ असो, मूठभर तळाला राहू द्यायचं. नवं आलं की त्याच्यावर ओतायचं. नाहीतर डब्याला रिकामं राहायची सवय लागते. कोठीत मी तेच केलं, इथेही तेच. प्रत्येक खोक्याच्या तळाशी एक नग कायमचा. त्याला हात लावायचा नाही आणि तो वहीतही धरायचा नाही. घरची लेकरं आणि तळातला जिन्नस मोजू नये.

चार वर्षांत माझ्या स्टोअरचं एकही खोकं रिकामं झालेलं नाही. मोठमोठ्या इस्पितळांना हे जमत नसेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिली मोजणी पूर्ण. माझी वही: १८४६ नग. शर्मिलाचं ॲप: १९७८. फरक १३२.

स्टोअरमध्ये सामानाचे प्रकारही नेमके १३२ आहेत. योगायोग असतात एकेक.

ॲप चुकतंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुसरी मोजणी. एकट्याने, दार लावून, पंखा बंद करून (वाऱ्याने लक्ष विचलित होतं). फरक १३२. घामाने भिजलेला बनियन पिळून काढला.

पूर्णिमाने दारावर टकटक करून विचारलं, काका, बरे आहात ना. म्हटलं, हो, ऐंशीपर्यंत आलोय. ती म्हणाली, मोकळ्या हवेत या थोडे. पोरीला काळजी आहे की मी सोडून जाईन.

अक्काला फोन केला. काम अंतिम टप्प्यात आहे असं सांगितलं. ती म्हणाली, तुजा टप्पा लई लांबीचा हाय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुळाशी गेलो. उंदीर. फडताळामागे लेंडी दिसली (किंवा गोळी असेल, चष्मा नव्हता). शर्मिलाला सांगितलं की फरकाचं कारण उंदीर. ती म्हणाली, काका, फडताळात वहीपेक्षा माल जास्त भरतोय. उंदीर नेतात, आणून ठेवत नाहीत.

हल्लीच्या मुलींना वडीलधाऱ्यांशी बोलायचं कसं ते शिकवत नाहीत.

पण एक मोठं काम केलं. मी नसताना दवाखान्याचे हाल होऊ नयेत म्हणून बेगमी केली. उन्हाळ्यात आई वर्षाचं तिखट-मीठ भरायची तसं. औषधवाल्याकडे दहावर दोन फुकट अशी स्कीम चालू होती. जिथे जिथे स्कीम, तिथे तिथे ऑर्डर. कानाचे थेंब १२०. गोचिडांचा स्प्रे ९६. कॅल्शियमच्या इंजेक्शनवर स्कीम नव्हती, ते राहू दिलं. वहीप्रमाणे तीन आहेत. पुष्कळ झाले.

शनिवार, १५ नोव्हेंबर. दुपार

हे स्टोअरमधून लिहीत आहे. बाहेर पडता येत नाही.

सकाळी अकरा खोकी आली. मी आत उभा राहून एकेक घेत होतो, टेम्पोवाला दारातून देत होता. आत जागा संपली तशी त्याने उरलेली दारात रचली आणि पावतीवर माझी सही घेऊन गेला. पावती त्याने वरच्या फटीतून दिली होती, तेव्हाच संशय यायला हवा होता. मोबाइल बाहेर काउंटरवर. दोन हाका मारल्या, पण बाहेर एक जर्मन शेफर्ड माझ्यापेक्षा मोठ्याने हाका मारत होता.

वेळ वाया घालवायचा नाही. तिसरी मोजणी सुरू.

दुपारी ३.४०. शर्मिलाला पत्ता लागला. तिने आधी फटीतून चहा दिला, मग विचारलं, काका, आतला माल मोजताना स्वतःला धरलंत का?

खोकी हलवायला ती आणि पूर्णिमा, दोघींना पाऊण तास लागला. एवढा नवा माल येऊनही फरक १३२ च. खाली बसलो होतो म्हणून रुपयाएवढं ऊन आज माझ्या गुडघ्यावर पडलं. बरं वाटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शर्मिलासाठी सूचना लिहून काढल्या. चौदा पानं. सूचना पहिली: घाई करू नये. सूचना दुसरी: लाल झाकणाच्या बाटल्या हिरव्या झाकणाच्या मागे आहेत, त्याचं कारण पान सात वर. ती चाळून म्हणाली, छान आहे काका, एवढं वाचेपर्यंत कुत्रं बरं होऊन घरी जाईल.

दोन दिवस उरले. सगळं आवाक्यात आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाचवी मोजणी. अक्काचा फोन आला तेव्हा ७८ वर होतो. म्हटलं, अक्का, मोजतोय, नंतर करतो. ती म्हणाली, आरं, दवाखान्यातनं निरोप आलाय. म्हटलं, हो हो, नंतर. परत वाजला तेव्हा ८४ वर होतो, उचलला नाही. आकडा सांभाळायचा की फोन? तरी आकडा चुकलाच. पुन्हा एकपासून.

फोन करायचं राहिलं. उद्या नक्की.

गुरुवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळ

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

साडेपाचला साईनाथ रिक्षावाला आपली कुत्री घेऊन आला. चंपी. नुकतीच व्यालेली, पाच पिल्लं. सगळं अंग थडथडत होतं, पाय ताठ, जीभ बाहेर. दुधात अंगातलं कॅल्शियम जातं आणि असं होतं. पूर्णिमा एक शब्द बोलली: कॅल्शियम. मी शेवटच्या फडताळाशी गेलो. खोकं उघडलं. वहीतले तिन्ही या आठवड्यात गेले होते. तळातला तेवढा होता.

चार वर्षांत पहिल्यांदा मी तळाला हात लावला. म्हटलं, यासाठीच तर ठेवलेला असतो. मोठ्या अभिमानाने नेऊन दिला.

पूर्णिमाने तो दिव्याखाली धरला. मग माझ्याकडे बघितलं. मुदत: मार्च २०२२.

शर्मिला समोरच्या मेडिकलमध्ये धावली. माणसांच्या दुकानातही तेच इंजेक्शन मिळतं हे मला माहीत नव्हतं. तिला चार मिनिटं लागली. चार मिनिटं मी चंपीचं डोकं मांडीवर धरून बसलो. कढईवरचं झाकण थडथडतं तशी थडथडत होती. साईनाथ दारात उभा. मला म्हणाला, काका, पिल्लांनी अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत हो.

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पूर्णिमाने छातीला ऐकायची नळी लावून, ठोके ऐकत, हळूहळू इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी थडथड थांबली. अर्ध्या तासाने चंपी उठून बसली आणि मलाच चाटायला लागली. तिला कुणी सांगितलं नसावं.

नंतर पूर्णिमाने विचारलं, काका, तळात एक ठेवायचं हे कधीपासून? म्हटलं, पहिल्या दिवसापासून. एकदाही चुकलो नाही. तिने ती बाटली उचलून बाजूला ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बाटलीवर तारखा फार बारीक छापतात. यावर सरकारने काहीतरी केलं पाहिजे.

अक्काला फोन लावला. बंद आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळपासून तिघांनी मिळून सगळी खोकी उलटी केली. प्रत्येकाच्या तळातला एक बाहेर काढला. टेबलावर रांग लावली. १३२. त्यातल्या १२९ ची मुदत संपलेली. उरलेले तीन म्हणजे कापसाचा गठ्ठा, थर्मामीटर आणि गळ्यातला पट्टा. त्यांना मुदत नसते म्हणून वाचले.

एक खोकल्याचं औषध २०१९ चं निघालं. मी यायच्या आधीचं. म्हणजे आधीच्या कंपाउंडरलाही आईचा नियम माहीत होता. हे मी बोलून दाखवलं. शर्मिला म्हणाली, नाही काका, त्याला फक्त झाडू मारायचा कंटाळा होता.

मुदत संपलेलं सगळं पिवळ्या पिशव्यांत गेलं. पूर्णिमाने एकेकाची नोंद केली, शर्मिलाने ॲपमधून कमी केलं. तिने वाचलेले तीन माझ्या वहीत चढवले. मग सहज दोन्हीकडची बेरीज बघितली.

जुळली. आकड्याला आकडा. फरक शून्य.

मी म्हटलं, पूर्णिमा, स्टॉक जुळला, बोललो होतो, फक्त एक दिवस उशीर झाला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग पूर्णिमा हसायला लागली ती थांबेचना. मला वाटतं तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं. आनंद होणारच. चार वर्षांचं ओझं उतरलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

किल्ली सुपूर्द. गळ्यातून काढली तर गळा हलका लागायच्या ऐवजी थंड लागला. शर्मिलाने किल्ली घेऊन काउंटरमागच्या खिळ्याला लावली. तिथे आधीच एक तशीच किल्ली लटकत होती. विचारलं तर म्हणाली, ही डुप्लिकेट, पहिल्यापासून आहे, तुम्ही जेवायला घरी गेलात की आम्ही उघडायचो.

चार वर्षं मी दुपारचा भात गिळून धावत यायचो.

असो. सोयीसाठी ठेवली असेल.

निघताना चौदा पानं तिच्या हातात दिली. तिने नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. बोलते तिखट, पण मनाने चांगली आहे पोर. पूर्णिमा वाकून पाया पडली. म्हणाली, काका, निवांत राहा, इकडची काळजी करू नका. आज मुक्काम घरीच, बॅग भरायची आहे. उद्या सकाळच्या पहिल्या बसने लोणी. ऑपरेशन परवा. वेळेआधी पोचतोय, हे आयुष्यात पहिल्यांदा होतंय.

रविवार, २३ नोव्हेंबर. लोणी काळभोर

दोन बस बदलून अकराला पोचलो. अक्का ओट्यावर बसलेली. डोळ्यावर काळा चष्मा.

झालं म्हणाली. गुरुवारीच झालं.

डोळ्याच्या डॉक्टरांना लग्नाला बाहेरगावी जायचं होतं. बुधवारी निरोप आला, उद्याच या. अक्काने मला दोनदा फोन केला. शेवटी शेजारची पूर्वा, कॉलेजात जाते ती, हिने एक तास बुडवला आणि तिने हात धरला.

मी म्हटलं, अक्का, सांगायचंस तरी. ती म्हणाली, सांगायाच फोन क्येला हुता. तू म्हनलास मोजतोय. म्या म्हनलं, मोजू दे त्याला, बाटल्या मोजून झाल्या की मानसं मोजाया ईल.

तेवढं बोलून ती उठली आणि वांगी चिरायला घेतली. मी म्हटलं, मी चिरतो. म्हणाली, बस तू, दमून आलाईस. मग चष्मा जरा वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, किती वाळलाईस रं. ह्ये मला फोनवर दिसत न्हवतं.

मला वांगी तिखट लागली. डोळ्यात पाणी आलं ते त्यामुळे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज ऑपरेशनचा दिवस. कुणाचंच ऑपरेशन नाही.

अक्काच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. ते पूर्वा येऊन घालते. मी बाटली हातात घेतली होती, अक्का म्हणाली, तुजा हात थरथरतूय. आधी तिला असलं काही दिसायचं नाही.

स्वयंपाकघराचं फडताळ लावून द्यायचं म्हटलं. अक्का म्हणाली, हात लावशील तर हितनंच बसमधी बसवीन.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दवाखान्यातून फोन नाही. पहिले दोन दिवस सांभाळून घेत असतील. संकोच असतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रेंजचा प्रश्न असावा. गच्चीवर जाऊन बघितलं. रेंज भरपूर आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. दुपारी ४

आज पाच दिवस झाले. फोन नाही. पूर्वाकडून माझ्याच फोनवर एक फोन करून घेतला. वाजतो.

पूर्वा म्हणाली, आजोबा, मेसेज करा की सरळ. तिच्याकडून टाइप करून घेतला. असावा म्हणून इथे उतरवून ठेवतो:

चि. डॉ. पूर्णिमास बापूकाकांचे आशीर्वाद. अक्काचा डोळा उत्तम आहे. तिला आता सगळं दिसतं. माझी इकडे काही अडचण नाही, काही कामही नाही. स्टोअरमध्ये एखादी वस्तू सापडत नसेल तर संकोच करू नये. गच्चीवर रेंज चांगली येते. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ मी तिथेच बसलेला असतो. शर्मिलालाही हे सांगावे. काही अडले असेल तर लिहावे. अडले नसेल तरी लिहावे. दोन ओळी चालतील, पण लवकर लिहावे.